गाईची पोळी

मल्लेश्वरम, बेंगळूर
१३ जुलै १९९७

सौ. कस्तुराबाई हीस सूर्यकांतचे आशीर्वाद.

तुझा भाचा परसू तुला घेऊन निपाणीला सुखरूप पोचला, हे मला आपल्या अजितकडून कळलं. त्याला तुझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांचा फोन आला होता. ज्याच्याशी इतकी वर्षं संसार केला त्या नवऱ्याला दोन ओळी लिहिल्या असत्यास तर तुझी बोटं झिजली नसती. असो.

स्वानंदी बरी आहे. आधी तेच लिहितो, नाहीतर पुढचं न वाचताच तू पत्र चुलीत घालशील. नात बरी आहे, पोट उतरलं आहे, परवा अंगणात लंगडी खेळली. डॉक्टर मंजुनाथ म्हणालेच होते, गहू पोटात जायचा थांबला की फरक दिसेल. आता थांबला, आता दिसतो आहे. यातून ज्याने जे समजायचं ते समजावं.

निघताना तू सुनेला, सुचेताला, म्हणालीस म्हणे, ‘मला त्या रोगाचं कोणी नीट सांगितलंच नाही.’ तर घे, सांगतो. माणसाच्या लहान आतड्याला आतून लव असते, आपल्या टर्किश टॉवेलला असते तशी. अन्नातला कस ती लव शोषून घेते. काही जणांच्या रक्तातच असं असतं की गहू पोटात गेला की शरीर त्या लवेवर उलटतं, आणि आतडं धुऊन धुऊन विरलेल्या पंच्यासारखं होऊन जातं. मग दूध द्या, तूप द्या, बदाम द्या, आलं तसं जातं. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. आपण दोन वर्षं तिला जंतांची औषधं पाजली, कोणी टीबी म्हणालं म्हणून त्याच्या गोळ्या दिल्या. शेवटी त्या एवढ्याशा पोरीच्या घशातून नळी घालून आतड्याचा कण काढून तपासला, तेव्हा कळलं. याला औषध नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, सगळं जन्मभर बंद. चिमूटभरही नाही.

होळीला मी घरातला गहू काढला. तू पाहिलंस, डबे मी स्वतः उन्हात घालून घासले. तरी पोरीचं वजन हलेना. डॉक्टर म्हणाले, घरातलं कोणीतरी तिला देतं आहे. आणि त्याच आठवड्यात तुझ्या पदराच्या गाठीत अर्धी पोळी सापडली. शेजारच्या यल्लव्वाकडे चोरून लाटलेली. गाईसाठी होती म्हणतेस. रोजचा गोग्रास चुकवायचा नाही म्हणून. मी म्हणतो, मग अर्धी का? उरलेली अर्धी कुठे गेली? गाय अर्धीच पोळी खाते का?

मी रागात बोललो, पण विनाकारण बोललो नाही. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, तेवढं मान्य. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

चिंच कुठल्या डब्यात आहे? सुचेता म्हणते तिला माहीत नाही. उत्तराची मला घाई नाही, चिंचेची आहे.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
३ ऑगस्ट १९९७

सौ. कस्तुराबाई हीस आशीर्वाद.

चिंच सापडली. वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे. म्हणजे आता तुझ्या पत्राची वाट बघायचंही कारण उरलं नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. स्वयंपाक मी करतो. अजित सकाळी उठून के. आर. पुरमच्या पलीकडे त्या कॉम्प्युटरच्या कंपनीत जातो, तो दिवेलागणीनंतर येतो. सुचेताची बँक. बाइंडिंगचं दुकान आता देवाप्पा सांभाळतो, मी तिथे गेलो की त्याला अडचणच होते. मग राहिलं कोण? मी आणि स्वानंदी. लोक उगाच स्वयंपाकाचा बाऊ करतात. पुस्तक बांधण्यापेक्षा ते अवघड नाही. पहिले काही दिवस भात खाली लागला, त्यानंतर वर कच्चा राहिला, आता दोन्ही एकदम होतं.

नाचणीचा मुद्दा वळायला यल्लव्वाने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शिजवलेल्या पिठाचं पातेलं पुढ्यात आदळलं, ओल्या हाताने उंडा वळून दाखवला आणि निघाली. मी म्हटलं, “काय झालं यल्लव्वा, बोलत का नाहीस?” तर, “एनिल्ला अण्णा.” काही नाही म्हणे. तिची गाय सकाळी आपल्या फाटकाशी येऊन उभी राहते, बराच वेळ बघते आणि जाते. तीही बोलत नाही.

स्वानंदी माझ्या हातचं मुकाट्याने खाते. तुझ्या आमटीची चव म्हणजे हिंग, हे मला इतकी वर्षं खाऊन कळलेलं आहे, म्हणून मीही हात सैल सोडतो. पोरीचं पोट वाऱ्याने जरा धरतं. त्यावर कोमट पाण्यात हिंग कालवून तिन्ही त्रिकाळ पाजतो. तू एकदा द्यायचीस. डबी बघता बघता संपते, देवाप्पा येताना दुसरी आणतो. हा डबीतला हिंग वस्त्रगाळ असतो, पटकन कालवला जातो. तुझा तो फडक्यात बांधलेला खडा मी होळीच्या साफसफाईत टाकला म्हणून तू रुसली होतीस. ‘माझा हिंग तेवढा राहू द्या’ म्हणत होतीस. अगं, बाजारातलं सुटं कोणी कशात कालवलेलं असेल, काय भरवसा? सीलबंद ते शुद्ध. डॉक्टरसुद्धा हेच म्हणतील.

पुढच्या आठवड्यात हेब्बाळच्या बाजूला त्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात जायचं आहे, वजन बघायला. काळजीचं कारण नाही.

स्वानंदी सारखी विचारते, अज्जी कधी येणार. मी सांगतो, अज्जी गावाला गेली आहे. काल म्हणाली, “तुम्ही ओरडलात म्हणून गेली.” चार वर्षांच्या पोरीला कोण शिकवतं हे, देव जाणे.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
२४ ऑगस्ट १९९७

सौ. कस्तुराबाई हीस,

आशीर्वाद लिहिण्याची आज माझी लायकी नाही.

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. ती लंगडी खेळली नाही. पोट उतरलं नव्हतं, तू होतीस तेव्हापेक्षा जास्तच फुगलं होतं. रोज बघत होतो आणि वारा आहे, वारा आहे म्हणत होतो. हॉस्पिटलात काट्यावर उभी केली तेव्हा वजन उलट घटलेलं निघालं. डॉक्टरांनी तिच्या पायावर अंगठा दाबला, तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे, माझ्याही तेच आलं. तू गेलीस. तू देत असतीस तर तू गेल्यावर पोर सुधारायला हवी होती. हे एवढं सरळ गणित मला रोज ताटात वाढलेलं दिसत होतं आणि मी मान फिरवून बसलो होतो. कारण ते मान्य करायचं तर तुला काय बोललो तेही मान्य करायला लागलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, “आता मुलीला कोण जेवायला घालतं?” सुचेताने माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर तिने माझा कोट झटकायला म्हणून घेतला आणि खिशातून चुरा निघाला. बनचा. आता तुझ्यापासून काय लपवायचं? घरातला गहू बंद झाल्यापासून मी संध्याकाळी फिरायला जातो ते अय्यंगार बेकरीपर्यंतच. उभ्या उभ्या एक खारा बन खातो, तोंड पुसतो आणि येतो. तुम्हां सगळ्यांना नाचणी आणि मला बन. शोभलं नाही, पण पोरीला त्यातला कण दिला नाही. तुझी शपथ घेऊन सांगतो.

“बाबा, हे काय?” सुचेता म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लागलं. मी देवाच्या तसबिरीवर हात ठेवला. अजित म्हणाला, “आईनेही असाच हात ठेवला होता बाबा. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?”

आठवतं. मी म्हणालो होतो, देवाला कशाला मध्ये घेतेस, पोळी दाखव.

त्या दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आता स्वानंदीचं जेवण सुचेता सकाळी करून डब्यात भरून जाते, मी फक्त वाढायचं. पोट दुखलं तर हिंगाचं पाणी तेवढं देतो, त्याला ती नाही म्हणत नाही. माझ्याच घरात माझ्या हातचा घास संशयाचा झाला. तेव्हा तुझं त्या दिवशीचं तोंड डोळ्यांपुढे आलं. तू रडली नव्हतीस. पदराची गाठ सोडून पोळी ओट्यावर ठेवलीस आणि हात धुतलेस. मला त्या वेळी वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे. माणूस खरं असूनही गप्प बसतो, हे मला या वयात कळलं.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. पोरीसाठी तुझ्या देवापाशी काही बोलायचं असेल तर बोल. माझं तो ऐकेल असं वाटत नाही.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
१४ सप्टेंबर १९९७

सौ. कस्तुराबाईंना नमस्कार.

चोर सापडला. हे पत्र बहिणीकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा लावून तूच वाच.

मंगळवारी दुपारी स्वानंदी पोट धरून कळवळायला लागली. सुचेता बँकेत. नुसत्या पाण्याने भागेना, म्हणून म्हटलं बेंबीभोवती हिंगाचा लेप घालू, माझी आई घालायची तसा. पळीत डबीतला हिंग घेतला, पाणी घातलं आणि गॅसवर धरला. तू खडा सहाणेवर उगाळायचीस तेव्हा दुधाळ पाणी व्हायचं, ते पाणीच राहायचं. हे घट्ट व्हायला लागलं, पळीला धरायला लागलं. पोरीच्या पोटावर लेप दिला आणि बोटं पुसायला फडकं उचललं, तिथेच थांबलो. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून बघितलं.

अगं, जन्मभर मी केलं काय? रोज सकाळी दुकानात मैद्याची खळ शिजवली आणि पुठ्ठ्यांना फासली. डिंक बोटाला ओढतो, तार धरतो. खळीचं तसं नाही, ती आधी सरकते आणि मग बसते. माझं डोकं काहीही विसरेल, ही बोटं विसरायची नाहीत. पळीत खळ होती.

तरी मन मानेना. उरलेल्या लगद्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कागद डकवला आणि उन्हात ठेवला. सुचेता आल्यावर तिच्यासमोर ओढला, तर कागद पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊन वर आला. मैद्याशिवाय असं धरत नाही. तिने डबी उलटीपालटी करून बुडाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं वाचलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. हिंग थोडाच असतो म्हणे. बाकी डिंक आणि गव्हाचं पीठ. सगळ्याच डब्यांत असतं, कोणी फसवत नाही, छापून सांगतात. आम्हीच वाचलं नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, डबाबंद, बाहेरचं काही वापरता का?” विचारलं होतं. आणि छाती पुढे काढून उत्तर कोणी दिलं होतं? आमच्या घरात बाहेरचं काही येत नाही डॉक्टर, आमच्याकडे सगळं घरचं. हिंग काय कोणी खाणं म्हणून मोजतं का? तो फोडणीत असतो, बस्स. कुठलंही मराठी घर असंच म्हणालं असतं. पण दुसऱ्या घरांनी आपल्या बाईला चोर म्हटलं नसतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या बाबतीत तो कळसा मीच भरून आणत होतो. तुझा खडा टाकून डबी मी आणली. तू चिमटीने घालायचीस, मी चमच्याने. पोट जितकं फुगे तितकं मी तिला हिंगाचं पाणी पाजत होतो, आणि जितकं पाजत होतो तितकं ते फुगत होतं. ती नको म्हणायची. मी म्हणायचो, औषध आहे बाळा, डोळे मिट आणि घे. घ्यायची बिचारी.

मग यल्लव्वाकडे गेलो. म्हटलं, “अर्धी पोळी कोणाची होती?”

“अण्णा, पोळी एकच. अर्धी वासराला, अर्धी गाईला. वासरू मागच्या दारी बांधलेलं, त्याला आधी दिली. गाय पुढच्या गल्लीत गेली होती. अक्का तिकडेच निघाली होती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं कुठे अण्णा? तुम्ही वरडत होता.”

मी “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हटलं आणि परत आलो.

तुला जे बोललो ते सगळं खोटं होतं. मी चुकलो. हे मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही, तुला तर नाहीच. लिहिताना अक्षर वाकडं आलं आहे, तेवढं सांभाळून घे. घरी ये म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणतो. ये.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
१९ ऑक्टोबर १९९७

सौ. कस्तुराबाईंना नमस्कार.

स्वानंदी खरंच बरी आहे. या वेळी खरंच. माझ्यावर विश्वास नसेल तर सोबत सुचेताने तिच्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत. फोडणीत आता हिंगच नाही, जिरं आणि कढीपत्ता. पायाची सूज गेली. परवा अंगणात मांजरामागे पळाली आणि गुडघा फोडून घेतला, तर आम्ही तिघं मोठी माणसं हसत सुटलो. पोर भोकाड पसरते आहे आणि आम्ही हसतो आहोत. वेड्यांचं घर वाटलं असेल लोकांना.

तुझं पत्र नाही. समजू शकतो. तुझ्या जागी मी असतो तर तीन पिढ्या बोललो नसतो, सुंभ जळाला तरी माझा पीळ जळत नाही हे तुझंच म्हणणं.

आज लिहितो आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्तातून उतरतो, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासू. अजितचं, सुचेताचं, माझं घेतलं. त्या दोघांचं निर्दोष आलं. माझं नाही आलं. मग मलाही ती नळी गिळायला लावली. तुला माहीत आहे, माझं पोट जन्माचं नाजूक. लग्नात उपाशी राहणारा नवरामुलगा म्हणून तुमच्या निपाणीत चेष्टा झाली होती. सकाळी दुकानात जायच्या आधी दोनदा परसाकडे, चेहरा कायम पांढरा, जरा चाललं की धाप. सगळ्यांना वाटायचं, बाइंडिंगच्या धुळीने. माझ्याही आतड्याची लव झिजलेली आहे. त्या बनांनीच उरलीसुरली नेली असेल. आता आम्ही आजा आणि नात एकाच पंगतीत नाचणीचा मुद्दा खातो.

हे माझ्याकडून आलं आहे, कस्तुराबाई. माझ्याकडून अजितला चुकवून स्वानंदीत उतरलं. आणि त्याच्या आधी शेवंतीत.

तिचं नाव आपल्या घरात पस्तीसएक वर्षांत कोणी घेतलं नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, आमची पहिली मुलगी होती, वर्षाची होईपर्यंत गुटगुटीत, मग वरचं खायला लागली तशी सुकत गेली. पोट मोठं, हात काड्या, केस पिंगट. तिसरं वर्ष लागलं आणि गेली. ते सगळं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. म्हणाले, तेच असणार, आजोबा. त्या काळी इथे कोणाला ओळखू आलं नसतं.

माझ्या आईने तेव्हा काय म्हटलं ते तू विसरली नसशील. हिच्या दुधातच खोट आहे, पोरीला हिने खाल्लं. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. आणि या जूनमध्ये, सगळ्यांसमोर, अर्धी पोळी हातात धरून मी आईचंच वाक्य उचललं. ‘एक पोर खाल्लीस, आता दुसरीच्या जिवावर उठलीस.’ पहिल्या पत्रात लिहायला धीर झाला नव्हता, आज लिहिलं.

खोट तुझ्या दुधात नव्हती. माझ्या रक्तात होती. इतकी वर्षं जे ओझं तू वाहिलंस ते तुझं नव्हतंच, माझं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. आता तरी मन हलकं कर.

पाडव्याला मी निपाणीला येतो. ओवाळून घ्यायला नाही. नुसता येतो.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
१६ नोव्हेंबर १९९७

कस्तुरा,

मी येऊन गेलो त्याला पंधरवडा झाला. तेव्हापासून हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

तू ओसरीवर आलीस, पाण्याचा तांब्या दिलास, समोर बसलीस. वाळली आहेस. मला वाटलं होतं तू चिडशील, मग रडशील, मग मी काहीतरी बोलेन, आणि परतीच्या गाडीत आपण दोघं असू. त्या पत्राने तुझी सुटका झाली असेल, अशी माझी समजूत. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, सुटका कुठे दिसते का म्हणून.

तू विचारलंस, “पत्रात लिहिलंत ते नक्की? शेवंतीलाही गव्हानेच झालं?”

मी म्हटलं, हो, नक्की. अगदी आनंदाची बातमी द्यावी तसं म्हटलं.

तू म्हणालीस, “रक्त तुमचं असेल हो. भरवणारा हात माझा होता. खपली गव्हाची खीर. माहेरून मागवून घ्यायचे, अंगाला लागेल म्हणून. ती मान फिरवायची. मी नाक दाबून भरवायचे. इतकी वर्षं वाटायचं, दूध वाईट असेल, नशीब वाईट असेल, ते काही माझ्या हातात नव्हतं. आता कळलं, हातातच होतं.” आणि उठून आत गेलीस. तुझी बहीण बाहेर येऊन म्हणाली, आज गाडी धरा भावजी.

मी तुझ्यासाठी लिहिलं असं मला वाटत होतं. खरं सांगू? माझ्यासाठी लिहिलं. गुन्हा कबूल केला की माणसाला हलकं वाटतं, तसं मला वाटलं. माझं ओझं उतरवून मी ते तुझ्या डोक्यावर ठेवून आलो, आणि ते आधीच्यापेक्षा जड होतं. दूध नासकं म्हणणाऱ्या सासूला तू मनातून कधीतरी खोटं ठरवलं असशील. ही खीर कशी खोटी ठरवणार? हे सगळं मला गाडी तुमकूरला आली तेव्हा कळलं. नेहमीसारखं उशिरा.

तेव्हा ओसरीवर जे सुचलं नाही ते आता लिहितो. समजूत म्हणून नाही, घडलं ते लिहितो. तू एकटी भरवत नव्हतीस. सकाळी दुकानात जायच्या आधी शेवंतीला मी मांडीवर घ्यायचो आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवायचो, वाटी उडवायची म्हणून. तू नाक दाबायचीस, मी हात धरायचो. ती सगळं अंग ताठ करायची. ते माझ्या मनगटांना अजून कळतं. तुझ्या हाताने झालं असेल तर माझ्या हातांनी झालं. आणि तरी, कस्तुरा, आपण दोघं तिला जगवायलाच बघत होतो. त्या घरात तिच्यावर आपल्याइतकं प्रेम दुसऱ्या कोणाचं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुला एकटीला तर ते मुळीच पेलावं लागू नये.

ती गेली त्या दिवशी मी कामावर गेलो. तू स्वयंपाकघरात गेलीस. मग अजित झाला. आपण तिच्याबद्दल कधी बोललोच नाही. तुझं दुखू नये म्हणून मी बोलत नाही, असं मी समजत होतो.

घरी ये असं आता म्हणत नाही. स्वानंदीला घेऊन नाताळच्या सुट्टीत अजित तुझ्याकडे येईल, तिला बघ, गालांवर थोडं बाळसं आलं आहे. मी त्याच्या आधीच येतो, पुढच्या सोमवारच्या गाडीने. तुझ्या बहिणीला सांग, गावात खोली बघितली आहे, जेवणाचं माझं मी बघेन. संध्याकाळी ओसरीवर येऊन बसत जाईन. तू बाहेर आलीस तर बरं, नाही आलीस तरी बसेन. शेवंतीचं बोलायला येतो आहे. दुसरं कोण आहे आता, जिने तिला पाहिलं?

तिचा एकही फोटो आपण काढला नाही. परवा डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला बसलो, तर अर्धाच आला. तिच्या कानामागे एक तीळ होता. डाव्या की उजव्या, ते मला आठवत नाही. तेवढं सांग.

तुझा
सूर्यकांत